रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि नसेतलं कोलेस्टेरॉल

हाताची तुटलेली नस (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) शस्त्रक्रियेनं जोडल्यावर कित्येकांच्या मनात एक शंका येते. नसेचं आवरण कोलेस्टेरॉलचं असतं असं कुठंतरी वाचलेलं असतं, आणि कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी तर रोज चालू असते. मग नस वाढणार कशी? गोळी बंद करावी का? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही. गोळी परस्पर बंद करणारे लोक असतात, म्हणून या शंकेचं नीट उत्तर मिळायला हवं. घोळ होतो तो नावामुळे. रेणू एकच आहे, पण रक्तातला साठा आणि नसेतला साठा यांचे हिशेब जवळपास स्वतंत्र चालतात.

रक्तातल्या साठ्याबद्दल बहुतेकांना माहिती असते, म्हणून ते थोडक्यात. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते प्रथिनांबरोबर बांधलेल्या कणांत बसून रक्तातून फिरतं. रिपोर्टमधले एलडीएल आणि एचडीएल हे आकडे म्हणजे या कणांमध्ये किती कोलेस्टेरॉल आहे त्याचं माप. एलडीएल वाढलं की ते धमन्यांच्या भिंतीत साचतं. स्टॅटिनची गोळी मुख्यतः यकृतातलं उत्पादन कमी करते, मग यकृत रक्तातून जास्त एलडीएल ओढून घेतं.

नसेतलं कोलेस्टेरॉल असं फिरत नाही. ते भिंतीत बसवलेल्या विटेसारखं एका जागी असतं. मज्जातंतूच्या धाग्याभोवती, म्हणजे ॲक्झॉनभोवती, मायलिन नावाच्या आवरणाचे थर गुंडाळलेले असतात आणि त्या थरांत कोलेस्टेरॉल ठासून भरलेलं असतं. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी २० टक्क्यांहून अधिक तिथे असतं. हे रक्तातून आलेलं नसतं. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर एलडीएलच्या कणांना आत सोडत नाही, म्हणून मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो. हातापायांच्या नसाही वाढीच्या वयात बहुतांश माल जागेवरच तयार करतात, हे उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. २००५ मध्ये उंदरांच्या मायलिन बनवणाऱ्या पेशींची कोलेस्टेरॉल तयार करण्याची क्षमताच काढून घेतली गेली, तेव्हा मायलिन तयार होणं फार मंदावलं. म्हणजे विटा किती मिळतात त्यावर भिंतीचा वेग ठरतो.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते इजा झाल्यानंतरचं काम. १८५० मध्ये शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून पाहिलं, की कापलेल्या जागेच्या पलीकडचा धागा विघटित होत जातो. त्यासोबत मायलिनही मोडतं. श्वान पेशी (हातापायांच्या नसांमध्ये मायलिन बनवणाऱ्या पेशी, श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव) आणि मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या संरक्षक पेशी) हा राडारोडा गिळतात. इथे एक अडचण असते: कोलेस्टेरॉलची मूळ कडी आपल्या शरीराला मोडताच येत नाही. मग मॅक्रोफेज ते अपोई नावाच्या प्रथिनाबरोबर बांधून पुन्हा बाहेर सोडतात. जोडलेल्या जागेपासून पुढे नव्याने वाढणाऱ्या ॲक्झॉनची टोकं आणि श्वान पेशी ते उचलून घेतात. त्या काळात नसेतलं नवं उत्पादन उलट खाली येतं, कारण जुन्या भिंतीच्या विटा हाताशी असतात.

गोंधळाचं खरं मूळ इथेच आहे. हा माल उचलायला पेशी आपल्या पृष्ठभागावरचं जे पकडणारं प्रथिन वापरतात ते एलडीएल रिसेप्टर, आणि बांधणारं प्रथिन अपोई, ही दोन्ही नावं रक्ताच्या कोलेस्टेरॉलच्या चर्चेतही येतात. साधनं तीच, पण देवघेव नसेच्या आतल्या आत. शिवाय ही व्यवस्था एकाच प्रथिनावर टांगलेली नाही. अपोई नसलेल्या उंदरांतही नस वाढली आणि जुनं कोलेस्टेरॉल पुन्हा वापरलं गेलं.

'जास्त कोलेस्टेरॉल म्हणजे जास्त वाढ' हेही सरळ खरं नाही. नवं मायलिन गुंडाळायला ते हवं, पण धागा लांबणं हे वेगळं काम आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पेशींच्या पडद्यातलं कोलेस्टेरॉल कमी केल्यावर ॲक्झॉनची वाढ उलट सुधारली. मेंदू आणि मणक्यात तर साफसफाईच रेंगाळते. २०१८ मध्ये वयस्क उंदरांत दिसलं की मायलिन गिळलेल्या पेशींना आतलं कोलेस्टेरॉल बाहेर टाकता येईना, त्याचे स्फटिक झाले, सूज टिकून राहिली आणि दुरुस्ती अडली. तिथे माल भरपूर होता, पण पुढे सरकत नव्हता.

एक अपवाद सांगायलाच हवा. २०१७ मध्ये मायलिन नष्ट केलेल्या उंदरांना खाण्यातून कोलेस्टेरॉल दिल्यावर मेंदूतली दुरुस्ती सुधारली. पण त्या वेळी रक्त आणि मेंदूमधला अडसर ढिला झालेला होता. हा उंदरांमधला, मेंदूतल्या मायलिनचा प्रयोग आहे. त्यावरून हाताची नस तुटलेल्या माणसानं जास्त चरबी खावी असा अर्थ निघत नाही.

तेव्हा गोळीबद्दल: रिपोर्टमधलं एलडीएल उतरलं म्हणजे नसेच्या विटा संपल्या असं होत नाही. ती बंद करायची की नाही हे हृदयाचा धोका पाहून डॉक्टर ठरवतील. नसेसाठी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: दुखापत आणि शस्त्रक्रिया यांत किती दिवस गेले, वय किती, मधुमेह आटोक्यात आहे का, आणि तुटलेली जागा स्नायू किंवा बोटांपासून किती लांब. जोडलेली नस साधारण दिवसाला १ मिलिमीटर वाढते. कोपराजवळ तुटली असेल तर बोटांच्या टोकापर्यंतचं सुमारे ४० सेंटिमीटरचं अंतर कापायला वर्षाहून जास्त लागतं, रक्तातलं कोलेस्टेरॉल कितीही असो.