नव्या कॅमशाफ्टची पहिली 20 मिनिटे
(मिनी कूपर एस आणि त्या काळातील पुशरॉडची, म्हणजे कॅमची ढकल सळ्यांमार्फत व्हॉल्व्हपर्यंत नेणारी, ब्रिटिश रॅली इंजिने आमच्याकडून बांधून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

रॅलीच्या धर्तीवर इंजिन बांधून घेणारे ग्राहक आम्हाला बहुधा एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे आम्ही सर्वांत मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट) का बसवत नाही. आमच्या पुण्यातील कार्यशाळेत परत येणाऱ्या इंजिनांचे कारणही बहुधा एकच असते: नव्या कॅमचे लोब (व्हॉल्व्हची ढकल देणारे त्याचे उंचवटे) पहिल्या अर्ध्या तासातच खाल्लेले असतात. या दोन्ही गोष्टी फोनवर घाईने सांगण्यापेक्षा लिहून दिलेल्या बऱ्या, म्हणून हे पत्रक इंजिनासोबत देत आहोत. इंजिनाला हात लावण्याआधी ते कृपया पूर्ण वाचावे.

प्रथम कॅमच्या निवडीबद्दल. 1951 साली ऑस्टिन ए-30 मध्ये 803 सीसीचे म्हणून आलेले ए-सिरीज इंजिन 1959 च्या पहिल्या मिनीत 848 सीसी आणि 34 अश्वशक्तीचे होते, आणि 1964 च्या 1275 कूपर एसमध्ये तेच घराणे 76 अश्वशक्तीपर्यंत पोहोचले. ही वाढ केवळ कॅममुळे झाली नाही. बोअर (सिलिंडरचा व्यास) 70.6 मिलिमीटरचा झाला, क्रँकशाफ्ट नायट्रायडिंग केलेल्या (नायट्रोजनने पृष्ठभाग कठीण केलेल्या) उत्तम पोलादाचा आला, व्हॉल्व्ह मोठे झाले, आणि मग त्या सगळ्याला शोभेल असा कॅम निवडला गेला. एक अडचण मात्र शेवटपर्यंत राहिली: चार सिलिंडरांना हवा-पेट्रोल आत घेण्याच्या वाटा दोनच. पहिला व दुसरा सिलिंडर एका वाटेवर, तिसरा व चौथा दुसऱ्या वाटेवर, त्यामुळे शेजारी एकमेकांचा हिस्सा ओढतात. कॅम जितका मोठा, म्हणजे व्हॉल्व्ह जितका जास्त वेळ उघडा, तितकी ही ओढाताण कमी फेऱ्यांवर (इंजिन मिनिटाला कमी वेळा फिरत असताना) अधिक जाणवते.

बीएमसीचा (मिनी बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचा) 649 क्रमांकाचा 300 अंशांचा, म्हणजे क्रँकशाफ्ट तेवढे अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा, कॅम शर्यतीच्या धावपट्टीसाठी होता. तो बसवल्यावर कॉम्प्रेशन वाढवावे लागते, कार्ब्युरेटर बदलावे लागतात, आणि एवढे करूनही ताम्हिणी घाटातील वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत नाही. रॅलीच्या गाडीला नेमकी तिथेच ओढ हवी असते. 1964 साली पॅडी हॉपकर्क आणि हेन्री लिडन यांनी माँटे कार्लो रॅली जिंकली ती 1071 सीसीच्या मिनीतून, बर्फाळ घाटरस्त्यांवर. 1970 च्या लंडन-मेक्सिको रॅलीसाठी फोर्डच्या हाताशी ट्विन कॅमचे (दोन कॅमशाफ्टचे) इंजिन असताना त्यांनी एस्कॉर्ट गाडीमध्ये मुद्दाम साधे पुशरॉडचे इंजिन 1850 सीसीपर्यंत वाढवून बसवले, कारण सुमारे 16,000 मैलांच्या त्या वाटेवर, अँडीज पर्वताच्या उंचीवर आणि मिळेल त्या पेट्रोलवर टिकणे महत्त्वाचे होते. हानू मिकोला आणि गुन्नार पाम त्याच गाडीतून पहिले आले. म्हणून आम्ही मध्यम कॅम सुचवतो. त्यात आमचा फायदा काही नाही, कारण मोठा कॅमही आम्हाला तेवढ्याच खर्चात मिळतो.

आता मुख्य मुद्दा. या इंजिनांत कॅमचा लोब टॅपेटच्या (लोब आणि पुशरॉड यांच्यामधील छोट्या दट्ट्याच्या) बुडावर थेट घासत फिरतो, मध्ये रोलर नसतो. लोबला अगदी किंचित उतार दिलेला असतो आणि टॅपेटचे बूड किंचित फुगीर असते, त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज एकाच जागी होत नाही. नवे असताना हे दोन पृष्ठभाग एकमेकांना बसलेले नसतात. ते बसण्याचे काम पहिल्या 20 मिनिटांत होते, आणि त्या वेळात बिघडले तर ते पुन्हा सुधारत नाही.

गेल्या दसऱ्याला आमच्या एका ग्राहकाने इंजिन बसवून गाडीची पूजा केली. बॉनेटवर झेंडूची माळ, पुढे नारळ, घरची सगळी मंडळी अंगणात. इंजिन चालू केले आणि ते संथ आयडलिंगवर चालत ठेवून आरती, पेढे, फोटो असा अर्धा तास गेला. तिसऱ्या दिवशी हेडमधून टकटक येऊ लागली. आमच्याकडे डायल गेज लावून पाहिले तर दोन लोबांची उचल दीड मिलिमीटरने कमी झाली होती आणि त्या टॅपेटांच्या बुडांना बशीसारखे खळगे पडले होते. त्या गृहस्थांनी काहीही दांडगाई केली नव्हती; नवे इंजिन हळू चालवावे, ही आपल्याकडची सर्वमान्य समजूत त्यांनी पाळली होती. गाडी रस्त्यावर चालवताना ती समजूत बरोबरच आहे. कॅमच्या बाबतीत मात्र ती उलटी पडते, कारण लोबला तेल मिळते ते बहुतांशी क्रँकशाफ्टने उडवलेल्या शिंतोड्यांतून, आणि आयडलिंगवर ते शिंतोडे पुरेसे उडत नाहीत. शिवाय कमी फेऱ्यांवर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा पूर्ण दाब लोबच्या टोकावर येतो. फेऱ्या वाढल्या की तो दाब हलका होतो.

मिनीत हे नुकसान कॅमपुरते थांबत नाही. तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, त्याच तेलात असतो. लोबची कीस तेलातून बेअरिंगांत जाते आणि गिअरांतही जाते. त्यामुळे इंजिन उतरवून, गिअरबॉक्स वेगळा करून, सगळे पुन्हा उघडून धुवावे लागते. वर सांगितलेल्या गाडीला आमचे तीन आठवडे गेले आणि त्या काळात रांगेतील इतर इंजिने थांबली.

म्हणून पहिल्यांदा सुरू करण्याआधी टायमिंग लावून घ्यावे, रेडिएटर भरावा, कार्ब्युरेटरच्या वाट्यांत पेट्रोल येऊ द्यावे, म्हणजे सेल्फ पुन्हा पुन्हा मारावा लागणार नाही. स्पार्क प्लग काढून, गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंतच सेल्फवर इंजिन फिरवावे. लोबवर आम्ही लावून दिलेली काळी पेस्ट पुसू नये. इंजिन सुरू झाल्याबरोबर फेऱ्या मिनिटाला 2000 ते 2500 वर न्याव्यात आणि थोड्या वरखाली करत 20 मिनिटे तिथेच ठेवाव्यात. रेडिएटरसमोर मोठा पंखा ठेवावा. गळती दिसली किंवा तापमान चढले तर आयडलिंगवर आणू नये, इंजिन सरळ बंद करावे, दुरुस्ती करावी आणि उरलेली मिनिटे नंतर पूर्ण करावीत. पूजा आधी करावी किंवा नंतर, त्या 20 मिनिटांत नाही.

तेल 20डब्ल्यू-50 मिनरल आणि जस्त-फॉस्फरसचे प्रमाण पुरेसे असलेले हवे. आजच्या गाड्यांची अनेक महागडी तेले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा एक्झॉस्टमधील भाग) जपण्यासाठी हे प्रमाण कमी ठेवतात. ती त्या गाड्यांना योग्य असली तरी या कॅमला पुरत नाहीत. ॲम्बॅसॅडरचे 1489 सीसीचे इंजिन बीएमसीच्याच बी-सिरीजचे असल्याने हे सर्व तिलाही लागू आहे.

बिलात आठ नवे टॅपेट का, असेही विचारले जाते. जुना टॅपेट जुन्या लोबच्या आकाराला घासलेला असतो आणि नव्या कॅमवर तो फिरत नाही, म्हणून ते वगळून कॅम बसवण्याचे काम आम्ही घेत नाही. दुहेरी स्प्रिंग असलेल्या हेडमध्ये लोबवरचा दाब कमी राहावा म्हणून आम्ही आतील स्प्रिंग मुद्दाम काढून इंजिन देतो. पहिल्या 20 मिनिटांनंतर त्या बसवायला गाडी आणावी, त्याची मजुरी मूळ बिलातच धरलेली आहे.

ज्यांना हे घरी करणे अवघड वाटते त्यांच्यासाठी आम्ही इंजिन आमच्या स्टँडवर 20 मिनिटे चालवून, तेल व फिल्टर बदलून देतो. पुणे शहरात असाल तर पहिल्या स्टार्टला आमचा माणूस घरीही येतो. दोन्हीचे शुल्क वेगळे आहे, परंतु कॅम व टॅपेटची एक वर्षाची हमी आम्ही याच इंजिनांना देऊ शकतो, कारण ती 20 मिनिटे आमच्या डोळ्यांसमोर गेलेली असतात.

घरी सुरू केले असल्यास ते पहिले तेल लगेच काढावे आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय चिकटले आहे ते पाहावे. करड्या रंगाची मऊ, पातळ लेई असेल तर काळजीचे कारण नाही. बोटांना खरखरीत लागणारी चमकदार कणी असेल तर इंजिन पुन्हा चालू करू नये. प्लग न पुसता फिल्टरसह पिशवीत घालून आमच्याकडे आणावा. फिल्टर आम्ही तुमच्यासमोर कापून पाहू, आणि या तपासणीचे पैसे घेत नाही.