पेसमेकर आणि सुरक्षा-द्वारे : विद्युतचुंबकीय व्यत्यय

पेसमेकर, आयसीडी (शरीरात बसवलेला, जीवघेणी लय विजेच्या झटक्याने थांबवणारा डिफिब्रिलेटर) किंवा चेताउद्दीपक (मज्जातंतूंना विद्युत स्पंद देणारे यंत्र) यांसारखे यंत्र बाहेरच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे फसते किंवा बंद पडते, तेव्हा त्याला विद्युतचुंबकीय व्यत्यय म्हणतात. दुकानातले चोरीरोधक खांब, मेटल डिटेक्टरची चौकट आणि रक्षकाच्या हातातला डिटेक्टर हे त्याचे नेहमीचे स्रोत.

ठोका पडला की नाही, हे यंत्र लीडच्या (हृदयापर्यंत नेलेल्या तारेच्या) टोकाशी मिळणाऱ्या संकेतावरून ठरवते. निलयातला (हृदयाच्या खालच्या कप्प्यातला) हा संकेत साधारण ५ ते २० मिलिव्होल्ट असतो आणि पेसमेकरची संवेदनमर्यादा (ज्याहून लहान संकेत तो मोजत नाही ती पातळी) बहुधा २ मिलिव्होल्टच्या आसपास ठेवतात. आयसीडीला मात्र फिब्रिलेशनच्या (हृदयाच्या विस्कळीत थरथरीच्या) बारीक लहरीही टिपायच्या असल्याने त्याची मर्यादा ०.३ मिलिव्होल्टपर्यंत उतरते. युनिपोलर (एकच इलेक्ट्रोड असलेल्या) लीडचे टोक आणि यंत्राची धातूची डबी मिळून छातीत मोठे वेटोळे तयार होते. बदलते चुंबकीय क्षेत्र त्यातून गेले की फॅरडेच्या नियमाप्रमाणे व्होल्टता निर्माण होते. बायपोलर लीडचे दोन्ही इलेक्ट्रोड सेंटिमीटरभर अंतरावर असतात, त्यामुळे तिथे हा त्रास बराच कमी.

निलयाच्या लीडवर असा गोंगाट, म्हणजे बाहेरचा खोटा संकेत, आला तर ‘हृदय स्वतःच धडधडते आहे’ असे समजून पेसमेकर थांबतो. पूर्णपणे त्याच्यावरच अवलंबून असलेल्या रुग्णाची काही सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. अलिंदाच्या (वरच्या कप्प्याच्या) लीडवर आला तर दोन कप्प्यांचा पेसमेकर निलयाला वेगाने पळवतो. आयसीडी या गोंगाटाला जलद लय समजून शुद्धीत असलेल्या माणसाला झटका देतो. गोंगाट सलग राहिला तर बरेच पेसमेकर ठरावीक गतीने ठोके देऊ लागतात; त्यातल्या त्यात ही बरी अवस्था.

लोक विमानतळाला घाबरतात, पण खरी काळजी दुकानाच्या दाराची. ५८ किलोहर्ट्झवर चालणारे खांब सेकंदाला अनेकदा स्पंद सोडतात, आणि स्पंदांची ही वारंवारता हृदयाच्या संकेतांच्या पट्ट्यातच पडते. ८.२ मेगाहर्ट्झच्या खांबांचा त्रास त्यामानाने कमी. चोरीरोधक खांबांजवळ थांबलेल्या आयसीडीधारकाला झटके बसल्याची नोंद १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना सूचना पाठवली. तिचे सार अजून तेच आहे: मधून सरळ चालत जावे, रेंगाळू नये, खांबाला टेकू नये. काही दुकानांत अँटेना फरशीखाली किंवा चौकटीत दडवलेली असते, म्हणून दारात गप्पा मारत उभे राहणेच टाळावे. बिलाच्या काउंटरवर वस्तूचा चोरीरोधक टॅग निष्क्रिय करणाऱ्या पट्टीवरही वाकू नये.

मेटल डिटेक्टरची चौकट नेहमीच्या चालीने ओलांडली तर सहसा काही होत नाही. ती वाजते ती टायटॅनियमच्या डबीमुळे. वाजली म्हणजे यंत्र बिघडले असे नव्हे. भारतात मॉल, मेट्रो, न्यायालय, विमानतळ सगळीकडे चौकटीनंतर हातातला डिटेक्टरही फिरवतात. तो यंत्रावर धरून ठेवू देऊ नये. ओळखपत्र दाखवून हाताने तपासणी मागावी. बॉडी स्कॅनरचे मिलिमीटर-तरंग त्वचेपलीकडे जात नाहीत, म्हणून ते यंत्रापर्यंत पोहोचत नाहीत. चेताउद्दीपक असलेल्यांना चौकटीत एकाएकी जोरदार झिणझिण्या येऊ शकतात आणि काही जुनी यंत्रे बंदही पडतात. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर चेताउद्दीपक आधी बंद करावे, रिमोट जवळ ठेवावा.

दाराशी कुणाला भोवळ आली की भोवतालची माणसे त्याला तिथेच खुर्ची देतात. हेच चुकते. आधी त्याला खांबांपासून काही पावले दूर न्यावे. क्षेत्राबाहेर आल्यावर यंत्र बहुधा लगेच सावरते. वेळ आणि ठिकाण टिपून ठेवावे, म्हणजे पुढच्या तपासणीत यंत्राच्या स्मृतीतला आलेख त्याच्याशी पडताळता येतो.