ज्वालामुखीचा वायू मोजताना: आकडा कमी आला तर?

ज्वालामुखीतून सगळ्यात जास्त निघते पाण्याची वाफ आणि त्याखालोखाल कार्बन डायऑक्साइड. तरी दुरून मोजतात तो बहुधा सल्फर डायऑक्साइड. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हवेत आधीच भरपूर असतात. त्यातून ज्वालामुखीचा वाटा वेगळा काढणं जिकिरीचं. सल्फर डायऑक्साइड स्वच्छ हवेत जवळपास नसतोच, शिवाय 300 ते 320 नॅनोमीटरच्या अतिनील पट्ट्यात तो प्रकाश चांगलाच शोषतो.

हवाई बेटांवरच्या किलाउआ ज्वालामुखीवर हे मोजमाप गाडीतूनही करतात. सामान थोडकं: तळहातावर मावणारा स्पेक्ट्रोमीटर (कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश आला ते मोजणारं यंत्र), त्यात प्रकाश नेणारी फायबरची तार, जीपीएस आणि सरळ वर आकाशाकडे बघणारी छोटी दुर्बीण. भिंग क्वार्ट्झचं लागतं. साधी काच नेमका हवा तोच प्रकाश अडवते, म्हणून गाडीची काच बंद ठेवून आतून मोजणं जमत नाही. आधी ज्वालामुखीतून निघालेल्या वायूच्या लोटाबाहेर, निरभ्र आकाशाचा वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार प्रकाशाची नोंद, घ्यायचा. मग दुर्बिणीला झाकण लावून अंधाराचा. त्यानंतर लोटाखालून आडवं जाऊन पलीकडे पुन्हा स्वच्छ हवेत बाहेर पडायचं. रस्ता मध्येच संपला तर ती फेरी वाया.

हिशेब मात्र शाळेतल्या गुणाकाराचा. समजा, डोक्यावर दर चौरस मीटरला सरासरी 1 ग्रॅम वायू आहे, लोट 5 किलोमीटर रुंद आहे आणि वारा सेकंदाला 7 मीटर. म्हणजे सेकंदाला 35 किलो, दिवसाला सुमारे 3,000 टन. वारा 7 ऐवजी 10 धरला की तेच मोजमाप 4,300 टनांवर जातं. इतकं नाजूक यंत्र वापरून शेवटी सगळ्यात मोठी चूक बहुतेक वेळा वाऱ्याच्या अंदाजात निघते! त्यातही वारा हवा लोटाच्या उंचीवरचा, रस्त्यावरचा नव्हे.

वाऱ्याची चूक निदान दोन्हीकडे झुकते. प्रकाशाची चूक बहुधा आकडा कमीच दाखवते. लोट आणि दुर्बीण यांच्यामधल्या हवेत विखुरलेला प्रकाश वायूला न शिवताच यंत्रात शिरतो. लोट दाट असेल तर आणखी बिकट: आखूड तरंगलांबीचा प्रकाश लोटातच संपतो, आणि वायू दुप्पट झाला तरी वर्णपटात फारसा फरक पडत नाही. 2018च्या उद्रेकात किलाउआवर हेच झालं. शोषण क्षीण असतं अशा लांब तरंगलांब्यांवर हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा दिवसाला 1 लाख टनांहून जास्त वायू निघत असल्याचं दिसलं.

कधी आकडा खरोखरच कमी असतो, आणि तेव्हाही हायसं वाटायचं कारण नसतं. फिलिपिन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीवर 13 मे 1991ला दिवसाला सुमारे 500 टन वायू होता, 28 मेला 5,000च्या वर. पुढच्या काही दिवसांत तो 300च्याही खाली आला. डोंगर शांत होत नव्हता. वायूची वाट बुजत चालली होती, असा त्याचा अर्थ लावला गेला. भूकंप वाढतच होते. महास्फोट झाला 15 जूनला.