युवा क्लबमधील उपक्रम आणि मुलांचा आत्मसन्मान

मुले आपल्या मर्जीने येतात, जिथे गुणपत्रिका नसते, अशा मंडळात खेळ, नाटक, भटकंती, हस्तकौशल्य किंवा समाजोपयोगी कामे यांच्या द्वारे मुलांच्या मनात स्वतःविषयी रास्त आणि टिकाऊ आदर रुजवण्याच्या कामाविषयीची ही नोंद आहे.

आत्मसन्मान आणि आत्मविश्वास हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. पट्टीची पोहणारी मुलगी पाण्यात उतरताना कचरत नाही. तरी शर्यत हरल्यावर ‘मी कुठल्याच कामाची नाही’ असे तिला वाटत असेल, तर तिचा आत्मविश्वास दांडगा आणि आत्मसन्मान तोकडा आहे. अहंकाराशीही आत्मसन्मानाची गल्लत होते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये मांडलेली १० विधानांची मापनश्रेणी आजही सर्वत्र वापरली जाते. इतरांपेक्षा आपण सरस आहोत ही भावना त्यांना अभिप्रेत नव्हती; आपण आहोत तसे पुरेसे आहोत, एवढेच वाटणे त्यांनी निकोप मानले.

त्याआधी १८९० मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी आत्मसन्मानाचे गणितच मांडले होते : यश भागिले अपेक्षा. मुलांच्या बाबतीत या अपूर्णांकाचा छेद बहुतेक वेळा मोठी माणसे ठरवतात. क्लबचे खरे मोल इथे आहे. तिथे आपल्याला काय जमायला हवे, हे मुलाला स्वतः ठरवता येते. मानसशास्त्रज्ञ सुझन हार्टर यांच्या संशोधनानुसार साधारण आठव्या वर्षापासून मूल अभ्यास, खेळ, मैत्री, दिसणे, वागणे यांत स्वतःला वेगवेगळे जोखू लागते, आणि त्याच सुमारास एकूण ‘मी कसा आहे’ याचाही निवाडा करू लागते. इतरांशी तुलना सुरू होते तीही याच वयात. अभ्यासात मागे असलेल्या मुलाला सुतारकामाचे टेबल किंवा रंगमंचामागची दिव्यांची बटणे मिळाली, तर या निवाड्यात त्याच्या बाजूने एक साक्ष जमा होते.

क्लबमध्ये आत्मसन्मान घडतो तसा मोडतोही, आणि मोडण्याच्या जागा फार साध्या असतात. दोन कप्तानांनी आळीपाळीने खेळाडू निवडण्याची जुनी पद्धत पाहा. एकेक नाव घेतले जाते, रांग आटत जाते, शेवटी एकच मूल उरते आणि ‘बरं, तू ये इकडे’ असे म्हणत त्याला ओढून घेतले जाते. ते मूल त्या वेळी बुटाच्या नाडीशी चाळा करत असते. खेळ संपेपर्यंत बाकीचे हे विसरतात, त्या मुलाला मात्र ते वर्षानुवर्षे आठवते. चिठ्ठ्या टाकून किंवा उभे राहतील तसे एक-दोन मोजून संघ पाडले, तर हा प्रसंगच येत नाही.

कौतुक हे सर्वांत सोपे साधन वाटते. जपून वापरावे लागते तेही हेच. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, ‘हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुले पुढचे कोडे सुटले नाही तेव्हा लवकर खचली. मेहनतीचे कौतुक झालेली मुले अधिक चिकाटीने बसली. एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात याहून टोचणारी गोष्ट पुढे आली. ज्या मुलांना स्वतःविषयी कमी वाटते त्यांच्यावरच मोठी माणसे अतिशयोक्त स्तुतीचा वर्षाव करतात, आणि त्याच स्तुतीमुळे ती मुले अवघड काम टाळू लागतात. ‘अप्रतिम चित्र’ म्हटले की पुढचे चित्रही अप्रतिमच काढावे लागेल, ही धास्ती बसते. ‘झाडाची सावली या वेळी उजेडाच्या उलट बाजूला पडली आहे’ असे म्हटले, तर आपले चित्र कुणीतरी नीट पाहिले हे मुलाला कळते.

कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी कृतिदल नेमले होते. सामाजिक प्रश्नांवरचा तो उतारा ठरेल, अशी आशा होती. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये घेतलेल्या आढाव्यात ती आशा टिकली नाही. नुसता आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यास सुधारतो असे दिसले नाही. उलट कामगिरी सुधारली की स्वतःविषयीचे मत सुधारण्याचा संभव अधिक. म्हणून ‘स्वतःवर प्रेम करा’ अशा घोषणांची भित्तिपत्रके रंगवण्यापेक्षा मुलाच्या हाती खरे काम देणे मला मोलाचे वाटते.

खरे काम म्हणजे जे झाले नाही तर कुणाचे तरी अडेल असे काम. साहित्याच्या खोलीची किल्ली दहा वर्षांच्या अबोल मुलाकडे सोपवली, तर तो आल्याशिवाय चेंडू बाहेर येत नाहीत. दारात सगळे त्याची वाट पाहतात. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीत खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. मुलांना शोभेपुरते मंचावर बसवणे हे त्यांतलेच. १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचे शिबिर भरवले, तेव्हा चार गट पाडून प्रत्येकाची धुरा मुलांतल्याच एका नायकाकडे दिली होती. चळवळीत ही रीत पुढे कायम झाली.

मोठ्यांच्या वागण्याने किती फरक पडतो, हे फ्रँक स्मॉल आणि रोनाल्ड स्मिथ यांनी बेसबॉलच्या बालसंघांत तपासले. प्रशिक्षकांना सुमारे अडीच तास शिकवले : धडपडीची दाद द्या, चूक झाल्यावर आधी धीर द्या मग दुरुस्ती सांगा, टाकून बोलू नका. अशा प्रशिक्षकांच्या हाताखाली कमी आत्मसन्मान असलेल्या मुलांत ठळक वाढ दिसली. त्यांचे संघ जास्त सामने जिंकले असे मात्र नाही. १९९२ च्या एका अभ्यासात पुढच्या हंगामात खेळ सोडणाऱ्यांचे प्रमाण या संघांत ५ टक्के, तर इतर संघांत २६ टक्के होते.

क्लबला मर्यादाही आहेत. घरातली मारहाण, सततची छळवणूक, नैराश्य यांवर खेळ हा उपाय नाही. नेमाने येणारे मूल अचानक येईनासे झाले, स्वतःला इजा करण्याविषयी बोलू लागले, तर ते हसण्यावारी न नेता समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची मदत मिळवून द्यावी लागते. उपचार चालू असताना त्याचे क्लबमधले काम दुसऱ्याला देऊन टाकू नये. महिनाभराने ते मूल परत येईल, तेव्हा खोलीची किल्ली त्याच्या नावाच्या खिळ्यालाच असावी.