दक्षिण कोरियाचा कोळसा : चुलीपासून खाणबंदीपर्यंत

१४ मे १९४८ रोजी उत्तर कोरियाने दक्षिणेला जाणारी वीज तोडली. जपानी अमलात मोठी जलविद्युत केंद्रे आणि बहुतेक खनिज उद्योग उत्तरेत उभे राहिले होते. फाळणीनंतर दक्षिणेकडे भातशेती राहिली, पण तेल किंवा वायू नव्हता. हाताशी होता तो थेबेक डोंगररांगांमधला अँथ्रासाइट, म्हणजे कठीण, कमी धुराचा कोळसा.

तोही सहज मिळणारा नव्हता. इथले थर दुमडलेले, तुटलेले. कुठे जाड, तर कुठे एकदम नाहीसे होणारे. १९५० मध्ये सरकारी कोळसा महामंडळ स्थापन झाले आणि त्याच वर्षी कोरियन युद्ध पेटले. युद्धानंतरही थेबेकमधल्या चोराम या खाणगावाचा कोळसा आधी पूर्व किनाऱ्यावरच्या मुखो बंदरात न्यायचा आणि तिथून जहाजाने पुढे धाडायचा, असा द्राविडी प्राणायाम चालू होता. १९५५ च्या अखेरीस डोंगर फोडून नेलेला लोहमार्ग योंगजू शहरापर्यंत पोचला, तेव्हा कुठे हा कोळसा रेल्वेने थेट सोलच्या बाजूला जाऊ लागला. थेबेक परिसराचे भूवैज्ञानिक नकाशे १९६२ मध्ये तयार झाले आणि त्यानंतर शोध अंदाजपंचे राहिला नाही.

कोरियाच्या प्रगतीची गोष्ट सांगताना आपण पोलाद आणि जहाजे यांच्यापासून सुरुवात करतो. पण या कोळशापासून पोलादासाठी लागणारा कोक, म्हणजे भट्टीत भाजलेला कोळसा, बनत नाही. फोहांगचा पोलाद कारखाना आयात कोळशावरच चालला. देशी कोळशाने वीजकेंद्रे चालवली आणि त्याहून मोठे काम केले ते घराघरांत. भुकटी दाबून केलेला, आरपार भोके असलेला गोल ठोकळा म्हणजे योनथान. तो जमिनीखालच्या भट्टीत घातला की खोलीची फरशी तापायची. घरातली बाई भल्या पहाटे उठून विझत आलेल्या ठोकळ्यावर नवा ठोकळा भोकाला भोक जुळवून ठेवायची. उरलेली राख बर्फाळ चढावर पसरली जायची. फरशीला तडा असला तर मात्र विषारी वायू खोलीत शिरे आणि माणसे झोपेतच जात. गुदमरलेल्याला मुळ्याच्या लोणच्याचे पाणी पाजायचे, हा तेव्हाचा घरगुती उपाय.

शहरांत सरपण आणायला १९५० च्या दशकातच बंदी आली होती. योनथान नसता तर ती टिकली नसती आणि पुढे उजाड डोंगरांवर लावलेली झाडेही चुलीत गेली असती. माझ्या मते या कोळशाचे सर्वांत मोठे देणे हेच, आणि त्याचीच नोंद सर्वांत कमी घेतली जाते.

याची किंमत खाणकामगारांनी मोजली. १९६३ पासून सुमारे आठ हजार कोरियन पुरुष पश्चिम जर्मनीच्या खाणींत गेले. त्यांनी घरी धाडलेले मार्क परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला मोलाचे होते. मायदेशी राहिलेल्यांचे हाल वेगळेच. एप्रिल १९८० मध्ये, लष्करी कायदा लागू असताना, साबुक या खाणगावाचे कामगार मजुरीसाठी रस्त्यावर उतरले. पुढे त्यांच्यातल्या अनेकांना पकडून अमानुष मारहाण झाली.

१९८८ मध्ये उत्पादन सुमारे २ कोटी ४० लाख टनांवर पोचले. पण तोवर घरांत तेल आणि वायू येऊ लागले होते. १९८९ पासून सरकारने पैसे देऊन खाणी बंद करायला सुरुवात केली आणि गावेच्या गावे ओस पडली. खाणभागातल्या लोकांच्या १९९५ च्या आंदोलनानंतर त्या भागाला सावरण्यासाठी विशेष कायदा झाला. त्यातूनच साबुकजवळ २००० साली कॅसिनो उघडला. कोरियन नागरिकांना प्रवेश असलेला देशातला हा एकमेव कॅसिनो. जांगसोंगची खाण २०२४ मध्ये आणि दोग्येची, म्हणजे शेवटची सरकारी खाण, २०२५ मध्ये बंद झाली. कोरियाची वीजकेंद्रे आजही कोळसा जाळतात. तो ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया अशा देशांतून येतो.