भांडार कोणाचे? मलाखी ३:१० च्या वापरामागचा इतिहास

आशीर्वादित जीवनावरच्या ख्रिस्ती शिकवणुकीत बायबलमधल्या मलाखी ३:१० ला पर्याय नाही. संदेष्टा मलाखी तिथे देवाचे म्हणणे सांगतो: सगळा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा आणि माझी प्रतीती पाहा, मी आकाशकपाटे उघडून आशीर्वादाचा वर्षाव करतो की नाही. अर्पणाच्या पाकिटावर ते छापलेले असते आणि वार्षिक सभेत जमाखर्च मांडण्याआधी हमखास वाचले जाते. आकाशकपाटे उघडण्याच्या अभिवचनाबद्दल मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, फारसा वाद नाही. वाद आहे तो दशमांश ज्या ‘भांडारात’ आणायचा, ते आज कुठे आहे यावर. हा वाद बायबलइतकाच जुना असावा असा समज आहे, पण आजच्या स्वरूपात तो जेमतेम दीडशे वर्षांचा आहे.

अब्रामाने मलकीसदेक या याजक-राजाला दिलेला दहावा भाग आणि त्याचा नातू याकोब याने बेथेल येथे दशमांशाचा केलेला नवस हे दोन्ही प्रसंग अनेक वाचकांना पाठ आहेत. एवढेच लक्षात ठेवावे की पहिल्या प्रसंगात युद्धातल्या लुटीचा दहावा भाग एकदाच दिला गेला आणि दुसरा नवस अटी घालून केलेला होता. नियमित व्यवस्था मोशेच्या नियमशास्त्रात येते आणि तिचे तपशील आजच्या उपदेशांत क्वचितच ऐकू येतात.

दशमांश शेतीच्या उत्पन्नावर आणि जनावरांवर होता: धान्य, द्राक्षारस, तेल, फळे, गुरे, मेंढरे. सुताराच्या, कोळ्याच्या किंवा रोजंदारीवरच्या माणसाच्या कमाईचा उल्लेख त्यात नाही. जनावरे काठीखालून एकेक जात आणि दहावे परमेश्वराचे ठरे. म्हणजे नऊ मेंढरे असतील तर काहीच नाही, एकोणीस असतील तरी एकच. ते दहावे लंगडे असो की धष्टपुष्ट, अदलाबदल करायची नाही, आणि केलीच तर दोन्ही पवित्र ठरत (लेवीय २७:३३). पिकाचा दशमांश पैशाने सोडवून घ्यायचा तर किमतीत पाचवा हिस्सा वाढवून द्यावा लागे. लेवी, म्हणजे उपासनेची सेवा करणारे कूळ, तो घेत आणि त्यातला दहावा भाग याजकांना देत (गणना १८).

नियमशास्त्रातल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात मात्र वेगळेच दृश्य दिसते. इथे कुटुंब आपला दशमांश परमेश्वराने निवडलेल्या स्थळी घेऊन जाते आणि तिथे स्वतःच आनंदाने खाते. वाट लांबची असेल तर माल विकून रुपे न्यायचे आणि तिथे बैल, मेंढरे, द्राक्षारस, मनाला येईल ते विकत घ्यायचे. दर तिसऱ्या वर्षी दशमांश गावातच साठवायचा, तो लेवी, उपरी (परदेशी), अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. ते खाऊन तृप्त व्हावेत, म्हणजे परमेश्वर तुझ्या हाताच्या कामाला आशीर्वाद देईल, असे त्याच अध्यायाचे शेवटचे वचन सांगते. आशीर्वाद इथे गरिबाच्या भरलेल्या पोटाशी बांधला आहे. ही सगळी वचने जुळवताना रब्बींनी, म्हणजे यहूदी धर्मगुरूंनी, पहिला, दुसरा आणि गरिबांचा असे दशमांश मोजले. त्यामुळे ‘बायबलचा दशमांश म्हणजे सरसकट दहा टक्के’ हे विधान हिशेबात टिकत नाही.

मलाखीचा काळ पर्शियन (इराणी) साम्राज्याच्या अमलाखालचा, इ.स.पू. पाचव्या शतकातला. त्याच शतकाचे जमिनीवरचे चित्र नहेम्या १३ मध्ये सापडते. यरुशलेमेच्या मंदिरातली मोठी कोठी तोबीया या अम्मोनी विरोधकाला दिलेली, वाटा न मिळाल्याने लेवी आणि गायक आपापल्या शेतांवर परतलेले, उपासना थंडावलेली. यहूदाचा अधिपती नहेम्या याने तोबीयाचे सामान बाहेर फेकले, कोठी शुद्ध करवली, दशमांश पुन्हा सुरू केला आणि वाटणीसाठी विश्वासू माणसे नेमली: एक याजक, एक शास्त्री, एक लेवी, शिवाय मदतनीस. भांडार म्हणजे धान्याची ही कोठारे. मलाखीने शब्द दिला तोही पावसाचा, पीक खाणाऱ्या किडीच्या बंदोबस्ताचा आणि द्राक्षवेलीची फळे न गळण्याचा. देवाची प्रतीती पाहण्याचे आमंत्रण बायबलमध्ये फक्त इथेच आहे असे व्यासपीठावरून ठासून सांगतात. यशया ७ मध्ये राजा आहाजालाही देवाकडे चिन्ह मागायला सांगितले होते, हे मग विसरले जाते.

इ.स. ७० मध्ये मंदिर पडले आणि कोठारेही गेली. पहिल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत दशमांशाची मागणी नाही. इब्री ७ मध्ये उल्लेख आहे, पण तो ख्रिस्ताचे याजकपण मोठे ठरवण्यासाठी. करिंथ शहरातल्या मंडळीला पौलाची सूचना होती की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे बाजूला ठेवावे, आणि ती वर्गणी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी होती. दुसऱ्या शतकातल्या एका बिशपाने तर यहूद्यांनी दहावा भाग दिला, स्वतंत्र झालेल्यांनी सर्वस्व द्यावे, असा युक्तिवाद केला.

पुढे देणगीचा कर झाला. ५८५ मध्ये फ्रँक राज्यातल्या एका धर्मसभेने दशमांश न देणाऱ्याला मंडळीबाहेर काढण्याचा नियम केला आणि ७७९ मध्ये राजाज्ञेने त्याला कायद्याचे बळ दिले. बिशप, पाळकवर्ग, गरीब आणि इमारत अशी चार हिश्श्यांची वाटणी अनेक ठिकाणी ठरलेली होती. व्यवहारात गरिबांचा हिस्सा सर्वांत आधी आटे, कारण दशमांशाचे हक्क मठांकडे आणि जमीनदारांकडे जात. १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी आपल्या मागण्यांत धान्याचा दशमांश मान्य केला, जनावरांवरचा ‘लहान दशमांश’ साफ नाकारला. फ्रान्सने १७८९ मध्ये तो बंद केला, इंग्लंडने १८३६ मध्ये धान्याऐवजी रोख आकारणी आणली.

आजचा वाद सुरू होतो तो यानंतर, अमेरिकेत. चर्चला सरकारी कराचा आधार देणारे शेवटचे राज्य मॅसॅच्युसेट्स. तिथे ती व्यवस्था १८३३ मध्ये संपली. पाळकाचा पगार, इमारत, मिशनकार्य सगळे ऐच्छिक देणगीवर आले. बाकांचे भाडे, विक्री-मेळे, वर्गणीच्या याद्या असे मार्ग चालत, पण जमा कधी भरपूर, कधी कोरडी. १८७० नंतर दशमांशाचा प्रचार करणारी पत्रके मोठ्या संख्येने वाटली जाऊ लागली आणि ‘भांडार म्हणजे स्थानिक मंडळी’ हे समीकरण पुढे रुजले.

त्याचा अर्थ असा की विश्वासणाऱ्याचा पूर्ण दहावा भाग आपल्याच मंडळीत यावा. मिशन संस्था, अनाथाश्रम किंवा शेजारच्या गरजू कुटुंबाला द्यायचे ते त्याउपर. समीकरण मांडणाऱ्यांची अडचण खरी होती: एकेका रविवारी तीन-तीन संस्थांचे प्रतिनिधी मदत मागायला उभे राहत आणि मंडळीचे अंदाजपत्रक कोलमडे. एका मोठ्या बॅप्टिस्ट संघटनेने १९१९ मध्ये पाच वर्षांत साडेसात कोटी डॉलर जमवण्याची मोहीम काढली. वचने सुमारे ९.२ कोटींची मिळाली, हाती आले ५.८ कोटींच्या आसपास. वचनांवर विसंबून संस्थांनी आधीच कर्ज काढले होते. १९२५ मध्ये त्याच संघटनेने एकत्र निधीची पद्धत स्वीकारली आणि मंडळीतून नियमित हिस्सा पुढे पाठवला जाऊ लागला. प्रशासन म्हणून ही व्यवस्था चोख आहे. मात्र अंदाजपत्रकाच्या सोयीला मलाखीचे वचन जोडले की न देणारा थेट ‘देवाला ठकवणारा’ ठरतो. तिसऱ्या वर्षीचे उपरी, अनाथ आणि विधवा या समीकरणात कुठेच बसत नाहीत, ही त्यातली मोठी उणीव.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रेडिओ-टीव्हीवरून ‘विश्वासाचे बीज’ ही शिकवण पसरली: आधी द्या, मग देवाकडून कापणीची अपेक्षा धरा. आधार २ करिंथ ९:६ आणि मार्क १०:३० चे ‘शंभरपट’. पहिले वचन यरुशलेमेतल्या गरजू भावांसाठीच्या वर्गणीबद्दल आहे, तर दुसऱ्यात घरे आणि शेते यांच्या जोडीला ‘छळणूक’ही आहे, जी पत्रकांवर सहसा छापत नाहीत. २०१० मध्ये केप टाऊनला झालेल्या आंतरराष्ट्रीय इव्हँजेलिकल परिषदेने समृद्धीच्या या शिकवणीवर उघड टीका केली. देव आशीर्वाद देतो हे तिने मान्य केले, पण तो देणगीच्या प्रमाणात मोजता येतो हे नाकारले.

मंडळ्यांत सध्या प्रश्न येतात ते अधिक रोखठोक आहेत. दशमांश कर कापण्याआधीच्या पगारावर की नंतरच्या? धंद्यात उलाढालीवर की नफ्यावर? कर्ज थकले असताना द्यायचा का? पहिल्या दोन्हींना नियमशास्त्रात थेट उत्तर नाही, कारण पगार त्याच्या कक्षेत नव्हता. तिसऱ्याबाबत, आईबापांना देण्याचे ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांना येशूने मार्क ७ मध्ये सुनावले आहे, आणि कर्जदाराला व्याजाने पैसे काढून दशमांश भरायला लावणाऱ्या पाळकाने तो अध्याय आधी उघडावा.