कर्तव्यवादामागचा खोट्याचा वाद

‘परिणाम काहीही होवो, कर्तव्य ते कर्तव्य’ हे कर्तव्यवादाचं ढोबळ रूप जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटच्या नावावर जमा आहे. प्रशियातल्या क्योनिग्सबर्गमध्ये 1724 साली एका चर्मकाम करणाऱ्या कारागिराच्या, कडक धार्मिक शिस्तीच्या घरात तो जन्मला. 1785 च्या छोट्या पुस्तकात त्याने मुद्दा मांडला तो दुकानदाराचं उदाहरण घेऊन. अजाण पोरालाही योग्य भावाने माल देणारा दुकानदार वागतो बरोबर. पण गिऱ्हाईक टिकावं एवढ्याच हेतूने तसं वागत असेल, तर त्यात नैतिक मोल काही नाही. मोल येतं कर्तव्यबुद्धीतून. आणि कर्तव्य ओळखायची कसोटी अशी: आपण ज्या नियमाने वागतो, तो सगळ्यांचा नियम व्हावा असं आपल्याला म्हणता येईल का?

खरी ठिणगी पडली 1797 मध्ये. फ्रान्समध्ये तत्त्वाच्या नावाखाली झालेला रक्तपात ताजा होता. फ्रेंच विचारवंत बेंजामिन कॉन्स्टाँने ‘एका जर्मन तत्त्वज्ञावर’, म्हणजे कांटवरच, टीका केली: मारेकरी दारात येऊन ‘तुझा मित्र आत लपलाय का?’ असं विचारतो, तेव्हाही खोटं बोलणं गुन्हाच कसा? सत्य ऐकण्याचा त्या माणसाला अधिकार तरी काय? सत्तरी ओलांडलेला कांट हटला नाही. तुम्ही खोटं बोललात, तेवढ्यात मित्र मागच्या दाराने निसटला आणि नेमका मारेकऱ्याच्या हाती लागला, तर जबाबदार तुम्हीच, असं त्याचं उत्तर. मला हा युक्तिवाद त्याच्या लेखनातला सगळ्यात लंगडा वाटतो.

आपल्याकडे हा पेच जुनाच आहे. कर्णपर्वात सत्यव्रती कौशिक दरोडेखोरांना लपलेल्या माणसांची वाट सांगतो आणि नरकात जातो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या, 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’तही टिळकांनी सत्याच्या अपवादांची चर्चा केली आहे.

कर्तव्यवादाच्या परंपरेतला मोठा बदल 1930 मध्ये ऑक्सफर्डच्या डब्ल्यू. डी. रॉसने केला. वचन पाळणं, उपकारांची जाण, कुणाला इजा न करणं अशी कर्तव्यं अनेक आहेत आणि प्रत्येकाला वजन आहे. मात्र त्यांच्यात टक्कर झाली तर एक मागे हटू शकतं, असं तो म्हणाला. म्हणजे मारेकऱ्याशी खोटं बोलायची वाट मोकळी झाली. कुठलं कर्तव्य केव्हा जड, याचा पक्का क्रम मात्र त्याने लावून दिला नाही. तो निवाडा त्या त्या प्रसंगी माणसाच्या विवेकावर सोडला. टीकाकारांचं बोट आजही तिथेच आहे.